‘नाना’चा शिक्का आणि अपंगत्व पेन्शनचं अपील

फौजेतून घरी येताना जो मेडिकल बोर्ड होतो, त्याचे कागद एएफएमएसएफ-१६ नावाच्या फॉर्मवर असतात. त्यातला पाचवा भाग म्हणजे बोर्डाचं मत. तिथे एक लहानसा तक्ता आहे: आजाराचं नाव, तो सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, सेवेशी संबंधच नाही का, आणि शेवटी कारणांचा रकाना. सेवेमुळे झाला नाही आणि बळावलाही नाही, असं लिहून आलं की दफ्तरी बोलीत ती केस ‘नाना’ झाली. ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’ या चार शब्दांची ही आद्याक्षरं. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. हा नाना मात्र पेन्शनचं दार आतून लावून घेतो.

अशा अपिलांचे निकाल ओळीने वाचत गेलं की दिसतं, लोक भांडतात पहिल्या रकान्यांशी आणि निकाल लागतो शेवटच्या रकान्यावर. ‘भरती झालो तेव्हा ठणठणीत होतो, बावीस वर्षं नोकरी केली, बीपी तिथेच लागलं’ हे सगळं खरं असतं आणि तरी पुरत नाही. बोर्डाने कारण काय दिलंय, ते त्या माणसाच्या पोस्टिंगचे कागद समोर ठेवून दिलंय की ठरलेलं वाक्य उतरवलंय, हे सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे फौजी सेवेतल्या वादांचं कोर्ट, आधी पाहतं.

आधी पैशाचा हिशेब, कारण तो कळला नाही तर अपिलात मागणीच चुकते. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग: सर्व्हिस एलिमेंट आणि डिसएबिलिटी एलिमेंट. पूर्ण नोकरी करून सर्व्हिस पेन्शनवर आलेल्या माणसाचं भांडण फक्त दुसऱ्या भागासाठी असतं. पंधरा वर्षं भरायच्या आत बोर्ड आऊट झालेल्या, म्हणजे आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्या जवानाचं दोन्हींसाठी असतं, आणि त्याच्या सर्व्हिस एलिमेंटला किमान नोकरीची अट नाही. १ जानेवारी २००६ पासूनच्या नियमाप्रमाणे शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या गणनापात्र वेतनाच्या ३० टक्के इतकं डिसएबिलिटी एलिमेंट, त्याखाली प्रमाणात कमी. समजा मूळ वेतन, ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून हा आकडा ६०,००० होतो. शंभर टक्क्यांना १८,०००. अपंगत्व ३० टक्के असेल तर ५,४००. इथे ‘राउंडिंग’ येतं. ५० पेक्षा कमी असेल ते ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, आणि ७६ पासून वर सरळ १००. म्हणजे ५,४०० चे ९,००० झाले, वर महागाई भत्ता निराळा. लढाईतल्या जखमेला वॉर इंज्युरी एलिमेंट मिळतं, त्याचा दर याच्या दुप्पट.

राउंडिंगची सोय ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने आली, ती १ जानेवारी १९९६ पासून आणि फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना. मुदत संपवून निवृत्त झालेल्या, पण लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या वैद्यकीय श्रेणीत असलेल्या माणसाला ती नाकारली जायची. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात सरकारची शेकडो अपिलं एकदम फेटाळली आणि हा भेद संपवला. तरीही अपिलात नुसतं ‘अपंगत्व पेन्शन मिळावी’ एवढंच लिहून चालत नाही. ‘३० टक्के, राउंडिंगने ५० टक्के, आजन्म’ असं स्पष्ट मागावं लागतं. आदेशात राउंडिंग शब्द नसेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, ३० टक्क्यांचाच निघतो आणि त्या एका शब्दासाठी परत अर्ज करत बसावं लागतं.

दुसरा मोठा अडसर २० टक्क्यांचा. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त हवं आणि सेवेशी संबंध हवा, अशा दोन अटी आहेत. इथे दोन निकाल शेजारी ठेवून वाचायचे. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अपंगत्वामुळे माणसाला घरी पाठवलंच असेल तर ते २० टक्क्यांपेक्षा जास्तच धरलं पाहिजे. कमी असतं तर घरी पाठवायचं कारणच नव्हतं. पण विंग कमांडर एस. पी. राठोड प्रकरणात ११ डिसेंबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सांगितलं, की नियत वयात निवृत्त झालेल्या माणसाचं अपंगत्व २० पेक्षा कमी असेल तर पेन्शन नाही आणि राउंडिंगही नाही. त्यामुळे ‘१५ ते १९ टक्के’ असा आकडा आला की पहिला प्रश्न: डिस्चार्ज बुकात घरी येण्याचं कारण काय लिहिलंय? बोर्ड आऊट असेल तर सुखविंदर, मुदत संपली असेल तर राठोड. वकील बदलून हे उत्तर बदलत नाही.

आता तो कारणांचा रकाना. त्याला वजन आलं ते धरमवीर सिंग प्रकरणाने, २ जुलै २०१३ चा निकाल. सिग्नल्समधला जवान, १९८५ ची भरती, १९९४ साली फिट येण्याच्या आजारामुळे (अपस्मार) २० टक्क्यांवर घरी. न्यायालयाने १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे या पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, उलगडून दाखवले. नियम ५ म्हणतो, भरतीच्या वेळी कागदावर काही नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं आणि पुढचा बिघाड सेवेमुळे झाला असं मानायचं. नियम ९ म्हणतो, सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला. नियम १४ म्हणतो, आजार भरतीच्या तपासणीत सापडण्यासारखा नव्हता असं बोर्डाला वाटत असेल तर तसं म्हणावं, पण कारणं लिहावीत. सगळी मेख या ‘कारणं लिहावीत’मध्ये आहे. १३ फेब्रुवारी २०१५ च्या राजबीर सिंग निकालाने हेच पुन्हा पक्कं केलं.

धरमवीर या नावाची एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती महागात पडते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, त्याचं नाव धरमबीर सिंग. ‘वी’च्या जागी ‘बी’. तो रजेवर असताना झालेल्या स्कूटर अपघाताचा आहे आणि जवानाच्या विरुद्ध गेलेला आहे. घाईत टाईप केलेल्या अपिलात ही दोन नावं एकमेकांच्या जागी पडतात, आणि समोरच्या सरकारी वकिलाचं काम आपणच करून ठेवतो.

नियम कोणते लागतात हे घरी येण्याच्या तारखेवर ठरतं. १ जानेवारी २००८ च्या आधी आलेल्यांना १९८२ चे. त्यानंतरच्यांना २००८ चे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यात आजार असूनही नोकरी पूर्ण करणाऱ्याच्या रकमेला डिसएबिलिटी एलिमेंटऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव दिलंय. २००८ च्या नियमांनी भाषा कडक केली. आजार नोकरीत असताना दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं होत नाही, सेवेशी कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे, असं त्यात आहे. शिवाय घरी आल्यावर पंधरा वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर जातो. हे पंधरा वर्षांचं कलम गावोगावी माहीतच नाही. ‘बघू पुढं कधीतरी’ म्हणून कागद ट्रंकेत टाकणाऱ्यांना ते नंतर आडवं येतं.

२००८ च्या नियमांनी बोर्डाला कारणं देण्यातून मोकळं केलं का, यावर बरीच वर्षं ओढाताण चालली होती. १ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या जवळपास ३०० याचिका एकत्र फेटाळल्या. अर्थ सरळ आहे: नियम बदलले तरी ‘संबंध नाही’ म्हणणाऱ्या बोर्डाने त्या माणसाच्या बाबतीत तसं का, हे लिहायलाच हवं. त्याआधी मार्च २०२५ मध्ये याच न्यायालयाने मधुमेहाच्या गावस प्रकरणात म्हटलं होतं, की आजार पीस स्टेशनवर (शांततेच्या भागातल्या ठाण्यावर) असताना लागला हे एकटं कारण पुरेसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजुमोन प्रकरणात स्किझोफ्रेनिया झालेल्या जवानाच्या बाजूने कौल दिला, तोही बोर्डाने कारणं दिली नव्हती म्हणून.

पण याच आजारात नरसिंग यादव प्रकरण ३ ऑक्टोबर २०१९ रोजी जवानाच्या विरुद्ध गेलं. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत, मधल्या काळात माणूस अगदी नीट वागतो, म्हणून ‘भरतीच्या वेळी नोंद नव्हती’ एवढ्यावर पेन्शन देता येणार नाही, असं तिथे ठरलं. आजार एकच, निकाल उलटे, आणि मधला फरक बोर्डाच्या कागदावरच्या दोन-चार ओळींचा. सर्वोच्च न्यायालय म्हणजे हमखास जवानाच्या बाजूने, अशी जी हवा आहे तिच्यावर विसंबून अपील लिहू नये.

नाकारण्याची वाक्यं मोजकीच आहेत. ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’, म्हणजे देहप्रकृतीचाच दोष. ‘मेटाबोलिक डिसऑर्डर.’ ‘पीस एरियात सुरुवात.’ ‘फील्ड, हाय ऑल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सशी (बंडखोरीविरोधी मोहिमांशी) नजीकचा काळ-संबंध नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त भेटतं आणि त्यालाच सर्वांत चांगलं उत्तर देता येतं. एएफएमएसएफ-१६ च्या पहिल्या भागात पोस्टिंगची यादी असते: कधीपासून कधीपर्यंत, कुठे, पीस की फील्ड. ती आणि आजाराच्या सुरुवातीची तारीख एका कागदावर शेजारी मांडायची. सुरुवातीची तारीख बोर्डाच्या दिवसाची धरू नका, पहिल्यांदा वैद्यकीय कॅटेगरी खाली आली तेव्हाच्या एएफएमएसएफ-१५ वरची, म्हणजे नोकरीत असतानाच्या बोर्डाच्या फॉर्मवरची धरा. बीपी पुण्यात सापडलं, पण त्याआधीची तीन वर्षं काश्मीर खोऱ्यात गेली होती, असं या मांडणीतून डोळ्यांपुढे येतं. बोर्डाने ती यादी स्वतःच्याच फॉर्मवर असून पाहिली नाही, हे दाखवणं कुठल्याही निकालाच्या उताऱ्यापेक्षा जड जातं.

हृदयविकाराचं एक स्वतंत्र पथ्य आहे. मेडिकल ऑफिसरांसाठीच्या मार्गदर्शिकेत झटका येण्यापूर्वीच्या चौदा दिवसांचा ‘चार्टर ऑफ ड्यूटीज’ मागितलेला असतो. त्या पंधरवड्यात कामाचा ताण काय होता ते युनिटने लिहून द्यायचं. बऱ्याचदा युनिटचा क्लार्क ‘नॉर्मल ड्यूटी’ असं टाकून मोकळा होतो, आणि त्या दोन शब्दांवर केस पडते. माणूस अजून नोकरीत असेल तर हा कागद तेव्हाच पाहून घ्यावा. रात्रीची गार्ड, एक्सरसाइज, बीपीईटी (शारीरिक क्षमतेची चाचणी), कॉन्व्हॉय, असेल ते नाव आणि तारीख घालून लिहिलं गेलं पाहिजे.

दुखापतीचा मामला निराळा. तिथे दोन कागद: आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष. कमांडिंग ऑफिसरने ‘सेवेमुळे’ असं लिहिलं असेल तर बोर्डाला ते बाजूला सारणं अवघड असतं. युनिटच्या परवानगीने चाललेला खेळ, पीटी, ड्यूटीवरून घरी किंवा घरून ड्यूटीवर चाललेला प्रवास, हे सेवेत धरलं जातं. १९९९ च्या मदन सिंग शेखावत निकालाने तर प्रवासाचा खर्च जवानाने खिशातून केला होता म्हणून हक्क जात नाही असं सांगितलंय. पण गावी पोहोचल्यावर, रजेत, स्वतःच्या कामाला मोटारसायकलवर जाताना हात मोडला तर वर सांगितलेला २०१९ चा धरमबीर निकाल आडवा येतो: दुखापतीचा फौजी सेवेशी काहीतरी धागा हवा. घराची कौलं बदलताना, शेतात मळणीयंत्रावर, लग्नाच्या वरातीत झालेल्या दुखापतीत हा धागा सापडत नाही, आणि तो ओढूनताणून दाखवला की उरलेल्या अपिलावरचा विश्वासही जातो.

स्वतःच्या तोंडाने केस घालवायचे प्रकारही पाहून ठेवा. हॉस्पिटलमध्ये स्पेशालिस्ट विचारतो, ‘पहिल्यापासून त्रास होता का?’ आणि जवान भिडस्तपणे ‘लहानपणी कधीतरी चक्कर यायची’ म्हणून जातो. ते वाक्य केस-शीटवर चढतं आणि दहा वर्षांनी ‘आजार भरतीपूर्वीचा, स्वतः कबूल’ असं होऊन समोर येतं. खोटं सांगू नये, पण उन्हात उभं राहून आलेली शाळेतली चक्कर म्हणजे अपस्मार नव्हे, हेही स्पष्ट सांगावं. वडिलांना मधुमेह होता हे सांगितलं तर ते ‘फॅमिली हिस्टरी पॉझिटिव्ह’ म्हणून उतरतं. वजन जास्त असल्याची नोंद, दारूची नोंद, ऑपरेशनला दिलेला लेखी नकार, या तिन्ही गोष्टींना फॉर्मवर जागा आहे आणि तिन्ही विरुद्ध वापरल्या जातात. ऑपरेशनला नकार दिला असेल तर कारण सुद्धा तिथेच लिहून घ्यायचं, कारण ‘नकार वाजवी होता की नाही’ असा प्रश्न बोर्डाला असतो.

आणि टक्क्यांचा सापळा. बोर्ड बीपीला ३० टक्के लिहितो, पण शेवटच्या ओळीत ‘पेन्शनसाठी पात्र टक्केवारी: निल’ असं टाकतो, कारण ‘नाना’. हा निल पाहून लोक हाय खातात. खरं म्हणजे अपंगत्व ३० टक्के आहे हे बोर्डाने मान्यच केलेलं असतं. संबंध नाही हे मत उडालं की ते ३० आपोआप हाती येतात, नव्या बोर्डाची गरज पडत नाही. म्हणून अपिलात त्या ३० टक्क्यांना हात लावू नये. ‘खरं तर ४० द्यायला हवे होते’ असं जोडून दिलं की प्रकरण फेरतपासणीच्या बोर्डाकडे जाऊ शकतं, आणि राउंडिंगमुळे ३० काय, ४० काय, दोन्हींचे ५०च होतात. दोन आजार असतील तर बेरीज होत नाही. ३० आणि २० चे ‘कॉम्पोझिट’, म्हणजे एकत्रित टक्के, ५० पेक्षा कमीच येतात. त्यातला एकच मान्य झाला, तर त्या एकट्याची टक्केवारी धरली जाते, आणि ती २० च्या खाली नाही ना, हे आधीच पाहून घ्यायचं.

मुदतीबद्दल: जुने बोर्ड ‘दोन वर्षांसाठी’, ‘पाच वर्षांसाठी’ असं लिहायचे आणि मग री-सर्व्हे बोर्डाची पायपीट लागायची. ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्राने कायमस्वरूपी अपंगत्वाचं मूल्यमापन एकदाच आणि आजन्म केलं, जवानाने स्वतः फेरतपासणी मागितली नाही तर. त्यामुळे ‘आजन्म’ हा शब्द मागणीत हवाच.

कागद मिळवायचे कसे? ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, डीएससीचं (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) कण्णूरला. नौदलाच्या खलाशांचं ब्यूरो ऑफ सेलर्स मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कॅम्पात. साधा अर्ज केला तर उत्तर येईलच असं नाही, म्हणून माहितीच्या अधिकारातून १० रुपयांच्या फीने मागावं. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘माझे सर्व कागद’ असं मोघम लिहू नये. एएफएमएसएफ-१६ सर्व भागांसह, सर्व एएफएमएसएफ-१५, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, शीट रोल (सेवेच्या नोंदींचा कागद), दावा नाकारल्याचं पत्र आणि त्यामागची टिपणी, दुखापत असेल तर आयएएफवाय-२००६ आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, असं एकेक नाव घालून मागावं. भरतीचा मेडिकल फॉर्म सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथली कोरी जागा हाच तुमचा पुरावा. तो ‘नष्ट झाला’ असं लेखी उत्तर आलं तर ते उत्तरही जपून ठेवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद होती असं सरकारला म्हणायचं असेल तर कागद आता त्यांनाच दाखवावा लागतो. अर्ज भरायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं, पण कारणांच्या रकान्यावरचा युक्तिवाद तिथला क्लार्क लिहून देईल अशी अपेक्षा ठेवू नये.

दावा नाकारल्याचं पत्र मिळालं की सहा महिन्यांत पहिलं अपील. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत मुख्यालयाच्या पहिल्या अपील समितीकडे जातं. तिथेही नाही म्हटलं की सहा महिन्यांत दुसरं, पेन्शनविषयक दुसऱ्या अपील समितीकडे. या दोन पायऱ्यांवर फार आशा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे तेच बोर्डाचे कागद, वैद्यकीय मतही त्याच खात्याच्या डॉक्टरांचं, आणि उत्तरात बहुधा तीच वाक्यं, थोडी लांबवून. तरीही अपील करायचंच, कारण २००७ च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आधी खात्यातले मार्ग संपवावे लागतात. उत्तरच आलं नाही तर सहा महिन्यांनी मार्ग संपला असं धरता येतं. या थांबण्याला लोक ‘फाइल अडकली’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं वाट पाहतात. कायद्याने ती सहा महिन्यांवर अडकतच नाही.

पहिलं अपील लिहितानाच ते न्यायाधिकरणात वाचलं जाणार आहे असं समजून लिहावं. दोन-अडीच पानं पुरतात. भरतीची तारीख आणि तेव्हाची मेडिकल कॅटेगरी. घरी येण्याची तारीख आणि तेव्हाची. बोर्डाच्या कारणांच्या रकान्यातलं वाक्य, एक शब्द न बदलता, अवतरणात. खाली पोस्टिंग आणि आजाराच्या तारखांची मांडणी. मग ते वाक्य या मांडणीशी कुठे जुळत नाही ते चार ओळींत. लागू असलेला नियम. आणि मागणी, टक्के-राउंडिंग-आजन्म-कोणत्या तारखेपासून या चारही गोष्टींसह. बोर्डाने काहीच कारण दिलं नसेल तर तेवढंच ठळक सांगून थांबायचं. देशसेवेचं वर्णन, पदकांची यादी, घरची हलाखी यांनी पानं भरली की मुद्दा तळाशी जातो.

बोर्ड आऊट झालेल्याने एक पर्यायी मागणी जोडून ठेवावी. संबंध नाहीच असं ठरलं तरी दहा वर्षं किंवा जास्त नोकरी असेल तर इनव्हॅलिड पेन्शन असते. १६ जुलै २०२० च्या पत्राने ती दहा वर्षांखालच्यांनाही खुली झाली, ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना, आणि लष्करी तसंच नागरी अशा दोन्ही नोकऱ्यांना माणूस कायमचा अपात्र असेल तर.

न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात पाहतं. निवृत्त माणसाला तो राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाता येतं, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस कण्णूरला आहे म्हणून कोचीला धावायची गरज नाही. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत मूळ अर्ज, म्हणजे ओए. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज सोबत. पेन्शनच्या बाबतीत उशीर सहसा माफ होतो, कारण दर महिन्याला हक्क नव्याने डावलला जातो असं मानतात. मात्र त्याची किंमत मोजावी लागते: २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा आधार घेऊन थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती दिली जाते. वरच्या उदाहरणात ९,००० प्रमाणे तीन वर्षांचे ३,२४,००० आणि महागाई भत्ता. बारा वर्षं उशीर केला तर नऊ वर्षांचे पैसे गेले ते गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या बिजेंदर सिंग प्रकरणात सियाचिनवर फिट आलेल्या, १९८९ साली घरी पाठवलेल्या जवानाच्या बाजूने निकाल २०२५ साली लागला. लोक हे उदाहरण हुरूप यावा म्हणून सांगतात. मला त्यातली छत्तीस वर्षं जास्त दिसतात.

निकाल साधारण चार तऱ्हांचे येतात. कारण दिलेलं नाही किंवा साच्यातलं आहे म्हणून अर्ज मंजूर, ही सर्वांत नेहमीची तऱ्हा. सविस्तर वैद्यकीय कारण आहे आणि त्याला खोडणारं काही समोर नाही म्हणून नामंजूर. टक्केवारी किंवा निदानच वादात असल्याने नवा बोर्ड. आणि अंशतः मंजूर, दोन आजारांपैकी एक. नवा बोर्ड हा विजय समजू नये. त्यात टक्के घसरूही शकतात.

मंजूर झालं तरी सरकार पुढे जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयात थेट अपिलाला व्यापक सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो. पण २१ मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालानंतर उच्च न्यायालयात रिट करता येतं, दोन्ही बाजूंना. ओए हरलेल्या जवानालाही हा रस्ता आहे, हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितलेलं नसतं.

आदेशात बहुधा तीन-चार महिन्यांची मुदत असते आणि न पाळल्यास व्याज. मुदत उलटली की अंमलबजावणीचा अर्ज. तो न करता पत्रं लिहीत बसल्याने काही हलत नाही. प्रकरण वर गेलेलं असलं तरी स्थगिती नसेल तर ‘कंडिशनल सँक्शन’ निघते, म्हणजे वरचा निकाल उलटला तर पैसे परत करण्याच्या अटीवर. तिथून प्रयागराजच्या पीसीडीएकडून, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन हिशेब कार्यालयाकडून, सुधारित पीपीओ ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर येतो. तो आल्या दिवशी चार जागा तपासायच्या: टक्केवारी ५० आहे का ३० च राहिली, सुरुवातीची तारीख आदेशातलीच आहे का, मुदतीपुढे ‘आजन्म’ आहे का, आणि वन रँक वन पेन्शनच्या १ जुलै २०१९ व १ जुलै २०२४ च्या फेऱ्यांत डिसएबिलिटी एलिमेंट वाढलंय का. शेवटची चूक सर्वांत जास्त निसटते, कारण सर्व्हिस पेन्शन वाढलेली दिसली की माणूस खालची ओळ वाचत नाही.

अर्जदार मधेच वारला तर केस संपत नाही. कायद्यात निवृत्त माणसाचे वारसही येतात, त्यामुळे पत्नीला नाव लावून अर्ज पुढे चालवता येतो आणि मृत्यूच्या तारखेपर्यंतची थकबाकी मिळते. त्यासाठी पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या वैयक्तिक नोंदींचा फौजी आदेश) लग्नाची नोंद आणि पत्नीचं नाव आधारकार्डाशी जुळतं का, ते माणूस हयात असतानाच पाहून घ्यावं. ‘सौ. कमल’ आणि ‘कमलाबाई’ यांत अडकलेल्या फायली रेकॉर्ड ऑफिसात ढिगाने आहेत.